एकट्यानं बोलायची सवय नाही

समुपदेशनाच्या प्रशिक्षणात पहिला धडा होता दार लावून घ्यायचा. दोन खुर्च्या, मधे टेबल, आतलं बोलणं बाहेर जाणार नाही अशी हमी. मी मूल गावची, नोकरी गडचिरोलीत. इथं बाई एकटी येतच नसे. सोबत सासू, जाऊ आणि दाराशी उकिडवा बसलेला भाऊ. दार लावलं की ती मुकी व्हायची.

तिचं काही चुकत नव्हतं. या जंगलात दुखणं कधी एकट्याचं नसतं. अंगात काही शिरलं, मन उडालं, की इथला माडिया आदिवासी पुजाऱ्याकडे जातो. घरातलं भांडण असेल तर गाव गोटुलात, म्हणजे सगळ्यांच्या बैठकीच्या घरात, बसतं. सल्ला चारचौघांत मिळतो आणि तो पाळला जातोय का, हेही तेच चौघे बघतात. आमच्या फॉर्मवर मात्र सोबत आलेल्यांसाठी रकानाच नव्हता.

बाहेरून आलेल्यांपैकी जे टिकले, त्यांनी आधी स्वतःची रीत बदलली. १९७३च्या डिसेंबरात हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तिथं डॉ. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांनी माडिया भाषा शिकून घेतली. समोरच्याच्या अंगावर लंगोटी, मग डॉक्टरनं पॅन्ट-शर्ट कशाला, म्हणून प्रकाशभाऊ बनियन आणि अर्ध्या चड्डीवर आले ते कायमचे. जगानं त्यात साधेपणा पाहिला. मला वाटतं, तो उपचाराचाच भाग होता.

बायकांचं दुखणं तर आणखी आत दडलेलं. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या गावांत ६५० बायकांची तपासणी केली. ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग निघाला. त्याआधी अशी तपासणी झालेल्या शंभरात आठसुद्धा नव्हत्या. १९८९ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि जग दचकलं. मला मात्र अप्रूप दुसऱ्याच गोष्टीचं. या बायका बोलल्या कशा? राणीताई त्यांच्यात बसल्या, झाडांबद्दल, पाळीबद्दल, नवऱ्याबद्दल त्यांच्याच शब्दांत विचारत राहिल्या. 'कानोसा' आणि 'गोईण' ही पुस्तकं त्यातूनच आली.

पुढं चातगावजवळ आपल्या शोधग्राममध्ये दवाखाना बांधायचा तर बंगांनी आदिवासींनाच विचारलं, तुम्हाला दवाखान्याची भीती काहून वाटते? उत्तरं रोखठोक होती. मोठ्या इमारतीत आम्ही हरवतो. पांढरं कापड आम्ही मेलेल्याला घालतो, तुमच्या नर्सा तेच नेसून फिरतात. नातेवाइकांना तुम्ही बाहेर काढता. आणि तिथं देव कुठं आहे? मग गावासारख्या झोपड्या उभ्या राहिल्या, घरच्यांना रोग्याजवळ राहता येऊ लागलं आणि दवाखान्याला नाव मिळालं माँ दंतेश्वरीचं. शहरातले पाहुणे याला गंमत म्हणतात. अहो, त्यांच्याकडं प्रसूतीला नवऱ्याला आत घेतात, त्याला सुधारणा म्हणतात.

पण संस्कृती जपायची म्हणून सगळ्यालाच मान डोलवायची का? कुर्माघराचंच घ्या. पाळीच्या दिवसांत गावाच्या कडेला गळक्या झोपडीत राहायचं. तिथं साप, पाऊस, अंधार. 'मोडा ते' असं बाहेरून ओरडून काही मोडत नाही. बायकांशी बोललं तर कळतं, कुणाला भीती वाटते, तर कुणाला तेवढीच पाच दिवस कामातून सुटका. काही गावांत आता त्या जागी पक्कं विसावा केंद्र झालंय, पलंग आणि संडाससकट. प्रथा तशीच आहे, हे मला खुपतं. तरी मी त्या बांधकामाच्या बाजूची.

दारूचं याहून कठीण. गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी आहे, ती बायकांच्याच रेट्यानं आली. पण मोहाची दारू देवाला लागते, जन्माला लागते, मरणाला लागते. 'पिऊ नको' म्हणणाऱ्याला पिणारा विचारतो, मग देवाला काय पाणी देऊ? २०१६पासून 'मुक्तिपथ' या व्यसनमुक्ती मोहिमेची माणसं गावातच शिबिरं घेतात. देवाला वाहायची ती किती आणि उरलेली कुणाच्या घशात जाते, हा हिशेब पुजाऱ्याला सोबत घेऊनच मांडावा लागतो. पुजारीच पिणारा निघाला तर शिबिर त्याच्यापासून सुरू करायचं.