खोत : मुखत्यार की मालक?

मुखत्याराचा अधिकार कुठवर, हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात कोरडा वाटतो. रत्नागिरी जिल्ह्यात तो कुळांच्या पोटाचा प्रश्न होता.

१८७२ च्या भारतीय करार कायद्याचे दहावे प्रकरण सांगते : मुखत्यार दुसऱ्याच्या वतीने काम करतो, धन्याने मागताच त्याने हिशेब द्यावा (कलम २१३), अधिकाराबाहेरचे कृत्यही धन्याच्या वागण्यामुळे लोकांना अधिकृत वाटले, तर ते धन्याला बांधते (कलम २३७).

याच कसोटीवर मी खोताकडे पाहतो. गावाचा सारा कुळांकडून वसूल करून सरकारात भरायचा, हे त्याचे काम. ठरलेली रक्कम भरली की वरचा फायदा त्याचा. म्हणजे तो निव्वळ मुखत्यार नव्हे, मक्तेदारही होता. पण कुळाला सरकार दिसे ते खोताच्याच रूपात. निम्मे पीक नेणाऱ्याला, वेठीला धरणाऱ्याला हा अधिकार दिला कोणी, हे विचारायचे कुणाला? १८८० च्या खोती कायद्याने तर खोतकी वारसाने चालणारी आणि हस्तांतर करता येणारी मानली. मुखत्यारी अशी विकता येत नाही, मालकी येते.

याच जिल्ह्यातील आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, त्या डॉ. आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला. खोती रद्द करणारा कायदा झाला तो १९४९ साली.

धन्याने हिशेब मागायचे सोडले की मुखत्यार मालक होतो. त्याची किंमत मात्र धनी मोजत नाही, कूळ मोजते.