राजाला अडवणारा शब्द

'चेक' हा शब्द आता जवळजवळ मराठीच झालाय. मेल चेक कर. चेक्सचा शर्ट. चेक बाउन्स झाला. हॉटेलात चेक-इन. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचं तर त्याशिवाय पानच हलत नाही: चेकबॉक्स, चेकसम, नल चेक. पण इंग्रजीत या शब्दाचा आणखी एक, बराच जुना अर्थ आहे: रोखणं, आवर घालणं. तो मात्र आपण उचलला नाही. उचलायची गरजही नव्हती, कारण तो आपल्याकडे आधीच दुसऱ्या दाराने आला होता. 'शह' म्हणून.

चेक आणि शह हे सख्खे भाऊ आहेत. दोघांचा बाप फारसी 'शाह', म्हणजे राजा. भारतातला चतुरंग इराणात गेला, तिथून अरबांकडे आणि अरबांकडून युरोपात. पटावरच्या राजावर हल्ला झाला की 'शाह!' म्हणून इशारा द्यायचा. या 'शाह'चं लॅटिनमध्ये 'स्काकुस' झालं, जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक' आणि इंग्रजीत 'चेक'. आपल्याकडे फारसीतून थेट 'शह' आला आणि पुढे राजकारणात शिरून त्याला 'काटशह' नावाचं पिल्लूही झालं. 'चेकमेट' म्हणजे 'शाह मात'. याचा अर्थ 'राजा मेला' असा सर्रास सांगतात, पण 'राजा हतबल झाला' हा दुसरा अर्थ मला जास्त पटतो. बुद्धिबळात राजाला मारतात कुठे? त्याला फक्त कोंडतात.

आवर घालण्यासाठीचे आपले बाकीचे शब्द आठवून बघा. लगाम घोड्याला, अंकुश हत्तीला, वेसण बैलाला, पायबंदही घोड्यालाच. सगळे जनावरांसाठीचे. इंग्रजीतले 'कर्ब' आणि 'रेन'सुद्धा तबेल्यातलेच. मालकाने जनावराला आवरायचं, हीच आवर घालण्याची नेहमीची कल्पना. शह मात्र थेट मालकाला दिला जातो, आणि तो देणारं साधं प्यादंही असू शकतं. वर नियम असा की शह बसला की राजाला बाकी सगळं सोडून आधी त्याला उत्तर द्यावं लागतं. बाजूला सरक, मध्ये कुणाला तरी आण, नाहीतर हल्लेखोराला मार. दुर्लक्ष करायची सोयच नाही.

इंग्लंडमध्ये मात्र राजांनी हा शब्द आपल्याच कामाला लावला. बाराव्या शतकात राजाच्या महसुलाचा हिशोब एका मोठ्या मेजावर व्हायचा. मेज साधारण 10 फूट लांब, 5 फूट रुंद. त्यावर रेघांनी घरं पाडलेलं काळं कापड. आकडे रोमन, शून्याचा पत्ता नाही. त्यामुळे पेनी, शिलिंग, पौंडाच्या घरांत सोंगट्या ठेवून बेरीज-वजाबाकी करायची. पट बुद्धिबळासारखा दिसतो म्हणून त्या खात्याचं नाव पडलं 'एक्सचेकर'. तिथला खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने 1170च्या दशकात या कारभारावर लॅटिनमध्ये पुस्तकच लिहिलं. त्यात तो म्हणतो, इथेही लढाई चालते, पण खजिनदार आणि शेरीफ यांच्यात. शेरीफ म्हणजे जिल्ह्याचा वसुली करणारा राजाचा माणूस. (मुंबईच्या शेरीफचं पद याच नावाचं, पण शोभेचं.) थोडक्यात, राजाला मिळणारा शह आता राजाच्या वतीने खालच्यांना मिळू लागला.

पुढे 'चेक'ला तपासणीचा अर्थ चिकटला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बँकेच्या कागदाच्या अर्धुकाला चेक म्हणत. ते मूळ कागदाशी जुळवून बघितलं की खोटेपणा रोखता येई. तपासणं म्हणजेच रोखणं. नंतर अर्धुकाचं नाव अख्ख्या कागदाला मिळालं. ब्रिटिशांनी एक्सचेकरच्या नादाने त्याचं स्पेलिंग बदललं, अमेरिकेने जुनंच ठेवलं.

त्याच अमेरिकेत 1787-88मध्ये राज्यघटनेवर वाद रंगला, तेव्हा हा शब्द पुन्हा सत्तेच्या दिशेने वळला. जेम्स मॅडिसनचा मुद्दा असा की माणसं देवदूत नाहीत, म्हणून सरकारच्या एका शाखेच्या महत्त्वाकांक्षेला दुसऱ्या शाखेच्या महत्त्वाकांक्षेनेच अडवायचं. राष्ट्राध्यक्षाने नकाराधिकार वापरला, तर काँग्रेसची दोन्ही सभागृहं दोन-तृतीयांश मतांनी तो फिरवू शकतात. शह आणि काटशहच की! याला आपण पाठ्यपुस्तकात 'नियंत्रण व संतुलन' म्हणतो. शब्द चुकीचा नाही, पण त्यात धमक नाही. आपल्याकडे 24 एप्रिल 1973ला केशवानंद भारती खटल्यात 13 न्यायाधीशांनी 7 विरुद्ध 6 असा निकाल दिला: संसद घटनेत दुरुस्ती करू शकते, पण तिची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. एका मताने बसलेला शह.

आमच्या कोडमध्ये दोन्ही अर्थ रोज भेटतात. गिटहबवर नवं कोड टाकलं की आपोआप चाचण्या धावतात, त्यांनाही 'चेक्स'च म्हणतात. चाचणी फसली की लाल फुली दिसते. पण तो चेक सेटिंगमध्ये सक्तीचा केलेला नसेल, तर फुलीकडे बघत बघत कोड पुढे ढकलता येतं. सक्तीचा केला, तर बटणच अडतं. त्याच सेटिंगच्या पानावर खाली आणखी एक चेकबॉक्स असतो: हे नियम कुणालाही, अगदी अ‍ॅडमिनलाही, डावलता येऊ नयेत. सुरुवातीला तो रिकामा असतो.