सिस्टर : प्रतिमा आणि आकडा

रुग्णालयातल्या परिचारिकेविषयी मराठी माणसाची दोन मते असतात, आणि पुष्कळदा ती एकाच माणसाची असतात. रुग्ण बरा होऊन घरी आला की ‘सिस्टरने अगदी बहिणीसारखे केले’ असे तो चार लोकांना सांगतो. सलाइन संपून पाऊण तास झाला तरी कोणी फिरकले नाही, की ‘या बायांना माणुसकीच नाही’ असे त्याच वॉर्डाच्या व्हरांड्यात म्हणतो. दोन्ही वेळा चर्चा परिचारिकेच्या स्वभावाची होते. त्या घटकेला वॉर्डात रुग्ण किती होते आणि परिचारिका किती, हे कोणी विचारत नाही. हा प्रश्न आपल्याला का सुचत नाही, याला एक इतिहास आहे. मी शिक्षणाने वाणिज्य शाखेचा. इतिहास शिकलो तो ग्रंथालयांत बसून. जमाखर्च तपासण्याची सवय असल्यामुळे असेल, परिचारिकांविषयी वाचताना माझी नजर स्तुतीपेक्षा आकड्यांकडे जात राहिली.

सुरुवात शब्दापासून करावी लागते. ‘सिस्टर’ हा शब्द ख्रिस्ती जोगिणींच्या मठातून रुग्णालयात आला आणि आपण तो जसाच्या तसा उचलला. सरकारी दप्तरात अधिसेविका, परिसेविका, अधिपरिचारिका अशी पदनामे तयार झाली, पण रुग्णाच्या तोंडी सिस्टरच राहिली. या शब्दात नाते आहे, व्रत आहे. पगार, पाळी आणि मंजूर पदे यांचा मात्र त्यात मागमूस नाही.

आजाऱ्याची शुश्रूषा ही आपल्याकडे पूर्वापार घरातल्या बाईची, म्हणजे आईची, सुनेची, विधवा आत्याची जबाबदारी. घराबाहेरची म्हणून एक सुईण, आणि तीही विटाळाच्या कामापुरती. रक्त, मलमूत्र, परपुरुषाचा स्पर्श आणि रात्रीची नोकरी या चार गोष्टींमुळे ‘बऱ्या घरच्या’ मुलीला हा पेशा बंद होता. मुंबईत कामा रुग्णालय १८८६ मध्ये सुरू झाले. १८९१ मध्ये मुंबईत प्रशिक्षणाला आलेल्या काशीबाई गणपत यांचे नाव नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांत पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून येते. तरी या क्षेत्रात पुढे बराच काळ युरोपियन, अँग्लो-इंडियन आणि भारतीय ख्रिस्ती स्त्रियांचाच भरणा राहिला.

मग प्लेग आला. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी मुंबईतल्या आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर हजारभर गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला. रुग्णालय म्हणजे माणूस मरायला नेण्याची जागा, अशी लोकांची धारणा होती. पुढच्याच वर्षी पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत प्लेगच्या रुग्णांची सेवा करत होते. त्यातच संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई गेल्या. आद्य शिक्षिका म्हणून आपण त्यांना योग्यच मान देतो, पण त्यांचा अंत रुग्णशुश्रूषा करताना झाला ही गोष्ट आपल्या स्मरणात दुय्यम राहते.

सवर्ण घरांतल्या स्त्रियांसाठी हे दार किलकिले केले ते सेवासदनाने. मुंबईत १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिदुमल यांनी सेवासदन काढले. १९०९ मध्ये रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यातले काम उभे केले. पुढे सेवासदनाच्या विद्यार्थिनी, त्यांत अनेक विधवा, नर्सिंगच्या प्रशिक्षणासाठी ससून रुग्णालयात जाऊ लागल्या. बक्षीस समारंभात केशवपन केलेली एक विधवा मंचावर आली तेव्हा कॉलेजच्या मुलांनी तिची हुर्यो केली आणि रमाबाईंनी त्या मुलांना तिथल्या तिथे सुनावले, असा प्रसंग त्यांच्या चरित्रात सांगितला जातो. अशा वातावरणात या पेशाला प्रतिष्ठा मिळवून देण्याचा एकच मार्ग दिसत होता : ही नोकरी नाही, सेवा आहे, असे म्हणणे. संस्थेच्या नावातच तो मार्ग आहे. त्या काळी तो अपरिहार्य होता. पण सेवा म्हटले की मोबदला आणि कामाचे तास यांविषयी बोलणे ओशाळवाणे होते. त्याची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली.

या कहाणीत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा धागाही आहे. गिदुमल यांनी लिहिलेल्या मलबारींच्या १८९२ च्या चरित्राला नाइटिंगेल यांची प्रस्तावना आहे. आपल्याला त्या ‘दिवा घेतलेली स्त्री’ म्हणून ठाऊक. ही प्रतिमा क्रिमियन युद्धाच्या काळात इंग्लंडच्या वृत्तपत्रांनी घडवली. प्रत्यक्षात स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्यूचे प्रमाण ४२ टक्क्यांच्या आसपास होते आणि जूनपर्यंत ते दोन टक्क्यांवर आले. मार्चमध्ये आलेल्या स्वच्छता आयोगाने गटारे उपसली, हवा खेळती केली, हे त्यामागचे मोठे कारण. युद्धानंतर नाइटिंगेल यांनी हे आकडे स्वतः मांडले, १८५८ मध्ये त्यांचे प्रसिद्ध आलेख छापले आणि सरकारला जाब विचारला. लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या त्या पहिल्या स्त्री सदस्य. म्हणजे परिचर्येच्या या आद्य बाईंचे खरे हत्यार तक्ता हे होते. समाजाने त्यांच्या हातात दिवा ठेवला आणि तक्ता काढून घेतला. इतकेच नव्हे, विद्यार्थिनी आजही त्यांच्या नावाची जी शपथ घेतात तीही त्यांची नाही. ती १८९३ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइट इथे लिस्ट्रा ग्रेटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली.

आपल्याकडे हा तक्ता प्रथम ठळकपणे मांडला भोर समितीने. १९४६ च्या तिच्या अहवालात देशात सुमारे ७,००० परिचारिका असल्याची नोंद आहे : ४३,००० लोकांमागे एक. त्याच अहवालानुसार डॉक्टर ६,३०० लोकांमागे एक होता. म्हणजे टंचाई दोघांचीही होती, पण परिचारिकांची जवळजवळ सातपट. डॉक्टरांच्या टंचाईवर तेव्हापासून आजवर बोलले जाते. परिचारिकांची टंचाई मात्र त्यांच्या वागणुकीची तक्रार बनून समोर येते.

पुढे समित्या झाल्या, निकष ठरले. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार शिक्षण रुग्णालयातल्या सर्वसाधारण वॉर्डात तीन खाटांमागे एक परिचारिका हवी. हे ऐकायला चैनीचे वाटते. पण दिवसाच्या तीन पाळ्या धरल्या की एका पाळीत नऊ रुग्णांमागे एक, असा त्याचा अर्थ होतो. शिवाय रजांसाठी तीस टक्के जादा पदे धरायची. साठ खाटांच्या वॉर्डाला वीस आणि सहा, एकूण सव्वीस परिचारिका. कोणत्याही पाळीत सहा-सात हजर.

काही वर्षांपूर्वी वडिलांसाठी एका सरकारी रुग्णालयाच्या साठ खाटांच्या वॉर्डात मी सलग पाच रात्री काढल्या. रात्री आठ ते सकाळी आठ दोन परिचारिका असत. खाटा भरून पंधरा रुग्ण जमिनीवर गाद्या टाकून होते. वहीत मी हिशेब मांडला : दोघींची मिळून १,४४० मिनिटे, भागिले पंच्याहत्तर. एका रुग्णाच्या वाट्याला रात्रभरात एकोणीस मिनिटे. त्यातच इंजेक्शने, सलाइन, ड्रेसिंग, नवी भरती, औषधांच्या नोंदी, चादरींची मोजदाद आणि एखादा मृत्यू. निकषाप्रमाणे माणसे असती, तर साठ रुग्णांपैकी प्रत्येकाला ऐंशी मिनिटे मिळाली असती. तिसऱ्या रात्री एका नातेवाइकाने आरडाओरडा केला. ‘तुम्हाला हाक ऐकू येत नाही का?’ त्या बाई म्हणाल्या, ‘ऐकू येते दादा. सगळ्यांच्या येतात.’ त्याने ते उद्धट उत्तर मानले. माझ्या वहीतल्या भागाकाराचेच ते शब्दरूप होते.

अरुणा शानबाग यांची हकीगत या सगळ्याचा कळस आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या तळघरात, कपडे बदलताना, तिथल्याच एका सफाई कामगाराने त्यांच्यावर अमानुष हल्ला केला. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत साडेएकेचाळीस वर्षे केईएमच्या परिचारिकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांना सांभाळले, अंगावर शय्याव्रण होऊ दिले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ च्या निकालात या सेवेचा मोठा गौरव केला. तो रास्तच होता. पण हल्ल्यानंतर मुंबईच्या परिचारिकांनी संप केला होता आणि त्यांच्या मागण्यांत कामाची परिस्थिती सुधारण्याचीही मागणी होती, हे किती जणांना आठवते? त्यांची माया आपण लक्षात ठेवली, मागणी विसरलो.

कोविडमध्ये हेच वेगाने घडले. नाइटिंगेल यांची द्विशताब्दी म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०२० हे परिचारिका आणि प्रसविकांचे वर्ष जाहीर केले होते. २२ मार्चला थाळ्या वाजल्या, ३ मे रोजी हेलिकॉप्टरमधून रुग्णालयांवर फुले पडली. या दोहोंच्या मध्ये, २२ एप्रिलला, आरोग्य कर्मचाऱ्यांवरचे हल्ले थांबवण्यासाठी केंद्राला वटहुकूम काढावा लागला. आणि त्यातून दुरुस्त झाला तो प्लेगच्या वेळचा १८९७ चा साथरोग कायदा. दोन वर्षांनी, मे २०२२ मध्ये, कंत्राटी भरतीविरुद्ध राज्यातल्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या, तेव्हा ‘सेवाव्रती संप कसा करतात?’ हा जुनाच प्रश्न पुन्हा कानांवर आला.

देवी आणि कैदाशीण या दोन्ही प्रतिमा व्यवस्थेच्या सोयीच्या आहेत. देवीला सहकारी लागत नाहीत, आणि कैदाशिणीला मिळाले तरी ती सुधारणार नाही. दोन्ही हिशेबांत रिकामी पदे भरण्याची गरज उरत नाही. चिडखोर, बेपर्वा परिचारिका नसतातच असे माझे म्हणणे नाही. पण एकोणीस मिनिटांत कोणाचा स्वभाव कसा, हे ठरवता येत नाही.

म्हणून एक साधी मागणी सुचवतो. प्रत्येक वॉर्डाच्या दारावर फळा असावा. आजचे रुग्ण किती, या पाळीतल्या परिचारिका किती, मंजूर पदे किती, हे तीन आकडे त्यावर रोज खडूने लिहावेत. व्हरांड्यात रागावलेल्या माणसाने आत जाण्याआधी तो वाचावा. राग तरीही येईल, यायलाच हवा. पण तो कोणाकडे न्यायचा, हे त्याला कळेल.