स्वयंपूर्ण खेडे : एका लाडक्या समजाचे खंडन

समाजशास्त्राशी नव्याने ओळख करून घेणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्या काही प्रकरणांतच ‘समुदाय’ ही संकल्पना भेटते आणि उदाहरण म्हणून हमखास येते ते भारतीय खेडे. इथपर्यंत तक्रार नाही. पण पाठोपाठ एक विधान येते : हे खेडे पूर्वी स्वयंपूर्ण होते. विद्यार्थी ते पाठ करतो, उत्तरपत्रिकेत लिहितो आणि पुढे जन्मभर खरे मानतो. ते खरे नाही, हे दाखवण्यासाठी हा लेख.

आधी पूर्वपक्ष. तो दुबळा नाही आणि दुबळा करून मांडण्यात पुरुषार्थही नाही. इंग्रज अधिकारी चार्ल्स मेटकाफने १८३० च्या आपल्या टिपणात हिंदी खेड्यांना छोटी प्रजासत्ताके म्हटले. घराणी बुडाली, राज्ये पालटली, खेडी मात्र टिकली, असा त्याचा युक्तिवाद. मार्क्सने १८५३ मध्ये याच चित्रावर उलटा निकाल दिला : खेडी बंदिस्त, म्हणूनच समाज साचलेला. निकाल उलटा, चित्र तेच. आपल्याकडे या मताला बळ मिळते ते बलुतेदारीचे. सुतार नांगर घडवी, लोहार फाळाला धार लावी, कुंभार मडकी पुरवी, आणि सुगीला प्रत्येकाचा वाटा खळ्यावर धान्याच्या रूपाने पदरात पडे. तंटा झाला तर पाटील आणि पंच होतेच. मग या गावाला बाहेरच्या जगाची गरज ती काय?

गरज होती, आणि तिचा पहिला पुरावा बलुतेदारीतच सापडतो. बारा बलुत्यांच्या याद्या प्रदेशाप्रमाणे बदलतात, पण साळी-कोष्टी त्यांत सहसा नसतात. मग गावाच्या अंगावरचे कापड कुठून येई? लोहार गावात होता. लोखंड गावात होते काय? देशावरच्या शेतात मीठ पिकत नाही. ते कोकणातल्या मिठागरांतून वंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवर घाट चढून येई. तांब्या-पितळेची भांडी मोठ्या गावच्या तांबटाकडून येत. शिवाय लहान गावात बाराही बलुतेदार असतच असे नाही. उणीव शेजारच्या गावाने आणि आठवडी बाजाराने भरून काढायची. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास आणि ए. एम. शाह यांनी १९६० मध्येच या स्वयंपूर्णतेला मिथक ठरवले. पाठ्यपुस्तकांच्या कानी ते अजून गेलेले दिसत नाही.

दुसरा मुद्दा सोयरिकीचा, आणि माझ्या मते निर्णायक. गावात न्हाव्याची दोन घरे आहेत आणि ती एकमेकांची भावकी आहेत, असे धरा. मुलीचे लग्न जातीबाहेर करायचे नाही, भावकीत करायचे नाही. मग स्थळ कुठे शोधायचे? शिवेपलीकडेच. जातपंचायत बसे तीही अनेक गावांची मिळून. म्हणजे ज्या जातिव्यवस्थेने कारागिराला गावाशी बांधले, तिनेच त्याचे रक्ताचे नाते दहा गावांत पसरवले. बलुतेदारीचा दाखला द्यायचा आणि बलुतेदाराचे सोयरे विसरायचे, हा कुठला न्याय?

तिसरा मुद्दा राज्यसत्तेचा. पाटील-कुलकर्ण्यांच्या वर परगण्याचे देशमुख-देशपांडे होते. सरकारी वसूल ठाण्यावर पोचवणे, निरोप नेणे, वाटसरूला वाट दाखवणे ही महाराची कामे होती. शिंपल्यासारखे मिटलेले गाव असते, तर बाहेरच्या जगाशी संबंध ठेवण्यासाठी खास वतनदार कशाला लागला असता? वतनाचा वाद गोतसभेपुढे गेला की आसपासच्या गावांचे पाटीलही तिथे बसत. मिरासदारांच्या जोडीला बाहेरून आलेले उपरी कुळवाडी जमीन कसत. दसऱ्यानंतर शेतकरी शिपाई होऊन मुलूखगिरीवर निघत. गावाची वेस होती. ती बंद नव्हती.

मग मेटकाफसारख्या जाणत्या माणसाची चूक कशी झाली? त्याचे टिपण कोणत्या वादात लिहिले गेले ते पाहा. शेतसारा एकेका रयतेशी ठरवावा की सगळ्या गावाशी, हा तो वाद होता, आणि मेटकाफ गावाच्या बाजूचा वकील होता. वकिलाने आपला अशील अखंड आणि अभेद्य दाखवणे स्वाभाविकच. पण वकिलाच्या भाषणाला कोणते न्यायालय पुरावा मानते?

यावर कोणी म्हणेल, मग गाव असे काही नव्हतेच काय? होते. ग्रामदैवत, जत्रा, शिवेची भांडणे, गावाची अब्रू : हे सारे खरे आहे. पण एकी वेगळी आणि स्वयंपूर्णता वेगळी. कुटुंबातही एकी असते. म्हणून कुटुंब स्वयंपूर्ण ठरते काय? आणि त्या एकीलाही मर्यादा होत्या. गावाला प्रजासत्ताक म्हणताना महारवाडा कोणत्या बाजूला होता, हे विचारावेच लागेल. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी मेटकाफचा दाखला घेऊनच या ग्रामगौरवावर हल्ला चढवला. सभासद रागावले. राग हे उत्तर नव्हे.

हा वाद केवळ इतिहासाचा असता तर सोडून दिला असता. पण समाजशास्त्राचा पहिला धडाच इथे चुकतो. भूगोलाची हद्द म्हणजे नात्यांची हद्द नव्हे, हे ज्याला उमगले नाही त्याला समुदाय, जात, बाजार यांपैकी काहीच नीट उमगणार नाही. परिणामही व्यवहारातले आहेत. खेडे मुळात बंद होते असे मानले, की गावातून मुंबई-पुण्याला जाणारा प्रत्येक तरुण गाव मोडणारा ठरतो. वस्तुतः मिठासाठी, सोयरिकीसाठी, मोहिमेसाठी, दुष्काळात पोटासाठी माणसे शीव ओलांडतच होती, आणि त्यातूनच गाव चालत होते. पुरावा समोर आहे. निवाडा वाचकांनी करावा. मात्र तो करताना मेटकाफला साक्षीदार समजू नये.