ओझे ओढणारी मोटार: जोर पुढच्या चाकांचा की मागच्या?

उसाच्या गळीत हंगामात पश्चिम महाराष्ट्रातील रस्त्यांवर एक दृश्य हमखास दिसते. उसाने खच्चून भरलेल्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर चढाला लागतो आणि त्याची पुढची चाके जमिनीपासून उचलली जातात. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना मिळत असल्याने तो पुढे सरकत राहतो. परंतु पुढची चाके अधांतरी असेपर्यंत त्याला वळवणे चालकाच्या हाती उरत नाही. ओझे ओढण्यासाठी मोटार निवडताना पडणारा प्रश्न या दृश्यात सामावलेला आहे.

आपल्याकडे मोटारीमागे ट्रेलर जोडण्याची पद्धत फारशी रुळलेली नाही. ब्रिटनमध्ये मात्र कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचे छोटेखानी घर, मोटारीमागे जोडून सहकुटुंब सुटीवर निघण्याची प्रथा जुनी आहे. १९९३ पर्यंत तयार होणारी व्होल्वो २४० ही मागच्या चाकांवर जोर असलेली (रिअर व्हील ड्राइव्ह) मोटार या कामासाठी नावाजलेली होती. पुढे बहुतेक कौटुंबिक मोटारींमध्ये पुढच्या चाकांना गती देणारी (फ्रंट व्हील ड्राइव्ह) रचना रूढ झाली. भारतात अ‍ॅम्बॅसिडरकडून मारुती ८०० कडे झालेला प्रवासही याच दिशेचा.

भार कसा सरकतो?

ट्रेलरच्या वजनाचा काही भाग मोटारीच्या मागील जोडणीवर टेकलेला असतो. ब्रिटनमध्ये हा उभा भार भरलेल्या कॅरॅव्हॅनच्या वजनाच्या ५ ते ७ टक्के असावा, असा संकेत आहे. उदाहरणादाखल, १५०० किलोच्या फ्रंट व्हील ड्राइव्ह मोटारीचे ९०० किलो पुढच्या आणि ६०० किलो मागच्या चाकांवर आहेत, असे मानू. पुढच्या-मागच्या आसांमधील अंतर २.७ मीटर आणि जोडणी मागच्या आसापासून ०.९ मीटर मागे असेल, तर १२०० किलोच्या कॅरॅव्हॅनचा ७५ किलो उभा भार तरफेप्रमाणे काम करतो. पुढच्या चाकांवरील वजन २५ किलोंनी घटते, तर मागच्या चाकांवरील १०० किलोंनी वाढते.

सपाट, कोरड्या रस्त्यावर एवढ्या फरकाने बिघडत नाही. चढावर मात्र मोटारीचे स्वतःचे वजन आणि ट्रेलरची ओढ यांमुळे भार आणखी मागे सरकतो. नेमकी त्याच वेळी पुढच्या चाकांकडून अधिक जोराची अपेक्षा असते. ओल्या गवताच्या तळावर किंवा पावसात भिजलेल्या चढावर फ्रंट व्हील ड्राइव्ह मोटारीची चाके जागच्या जागी फिरू लागतात, ती यामुळेच. शिवाय ओढणे आणि वळवणे ही दोन्ही कामे त्याच टायरांना करावी लागतात. रिअर व्हील ड्राइव्हमध्ये वाढलेला भार नेमका जोर देणाऱ्या चाकांवर पडतो, हा तिचा मोठा फायदा.

उताराचे गणित निराळे

निसरड्या उतारावर मात्र हीच रचना उलटू शकते. खालचा गिअर टाकला की इंजिनाचा अडसर केवळ मागच्या चाकांना बसतो आणि मागून ट्रेलर रेटत असतो. चाके घसरली, तर मोटार आणि ट्रेलर चाकूच्या पात्यासारखे एकमेकांवर दुमडण्याचा धोका असतो. फ्रंट व्हील ड्राइव्हमध्ये हा अडसर पुढून बसत असल्याने मोटारीचा मागचा भाग तुलनेने सरळ राहतो.

वेगात ट्रेलर नागमोडी हेलकावे खाऊ लागणे, हे सर्वांत घातक. त्यापासून कोणतीही ड्राइव्ह पूर्ण संरक्षण देत नाही. जड सामान ट्रेलरच्या आसाजवळ आणि तळाशी ठेवणे, जोडणीवर पुरेसा भार राखणे आणि वेग आवरणे, हे खरे उपाय. हेलकावे सुरू झालेच, तर स्टिअरिंग सरळ धरून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढावा. करकचून ब्रेक दाबू नये आणि वेगही वाढवू नये.

निवडीचा क्रम

पहिली पाहण्याची गोष्ट म्हणजे उत्पादकाने ठरवून दिलेली ओढण्याची मर्यादा. युरोपीय नियमांनुसार ही मर्यादा ठरवताना पूर्ण भारासह १२ टक्के चढावर पाच मिनिटांत पाच वेळा मोटार थांब्यावरून हलवता यावी लागते. काही मोटारींना ट्रेलर ओढण्याची परवानगीच नसते. तेथे ड्राइव्हचा विचार व्यर्थ ठरतो. त्यानंतर वजनांचे प्रमाण पाहावे. नवख्या चालकाने भरलेली कॅरॅव्हॅन मोटारीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवावी, असा सल्ला ब्रिटनमध्ये दिला जातो.

ड्राइव्हचा प्रश्न येतो तो यानंतर. वर्षातून दोनदा डांबरी रस्त्याने हलका ट्रेलर न्यायचा असेल, तर फ्रंट व्हील ड्राइव्ह पुरेशी आहे. वारंवार चढ, चिखल, गवत किंवा मर्यादेच्या जवळ जाणारे वजन असेल, तर रिअर व्हील ड्राइव्ह उजवी ठरते. चारही चाकांना गती देणारी मोटार जागेवरून निघताना सर्वांत सरस. परंतु थांबण्याच्या अंतरात किंवा हेलकाव्यांत तिचा विशेष उपयोग नाही. ओझे जागचे हलवण्याइतकेच ते सुखरूप थांबवणेही महत्त्वाचे, आणि तेथे कोणत्या चाकांना जोर आहे यापेक्षा मागे किती वजन आहे, हेच निर्णायक ठरते.