यंत्रमानवाचे पूर्वज

‘रोबोट’ हा शब्द चेक नाटककार कारेल चापेक याच्या १९२० सालच्या नाटकानें जगास दिला. शब्द सुचविला तो त्याच्या भावानें. चेक भाषेंत ‘रोबोटा’ म्हणजे वेठ. शब्द नवा असला तरी वस्तु जुनी आहे, आणि करमणुकीचें हें यंत्र वेठीस कसें लागलें हें पाहावयाचें तर अठराव्या शतकांतील फ्रान्सकडेच वळावें लागतें.

१७३८ सालीं जाक द व्होकांसाँ यानें पॅरिसमध्यें बांसरी वाजविणारा पुतळा लोकांपुढें मांडला. पुतळ्याच्या आंत भाते होते. त्यांचा वारा तोंडावाटे बाहेर पडे, ओठ कमीअधिक उघडत, जीभ वारा अडवी, आणि कातडें लाविलेलीं बोटें छिद्रांवर बसत. या सर्वांस हुकूम करी तो खुंट्या जडविलेला एक फिरता दंडगोल: खुंटी तरफ उचली, तरफ अवयव हालवी. यांत लबाडी नव्हती; फुंक खरी, सूरहि खरा. पुढील वर्षीं त्यानें बदक केलें. तें दाणे खाऊन पचवितें अशी ख्याति झाली. परंतु पचन खोटें होतें, विष्ठा आधींच भरून ठेविलेली असे. लौकिक मात्र बदकाचाच अधिक झाला, हें लोकरुचीस साजेसेंच म्हणावयाचें!

१७४१ सालीं सरकारनें या कारागिरास रेशमाच्या कारखान्यांचा तपासनीस नेमिलें, आणि येथें खेळ संपला. १७४४ सालीं लियों येथील विणकर नव्या नियमांविरुद्ध खवळून उठले. व्होकांसाँस शहर सोडून पळावें लागलें. पुढें त्यानें भोंकांच्या खुणांवरून आपोआप नक्षी विणणारा माग रचिला. पुतळ्यास ओठ होते, बोटें होतीं. मागास यांतलें कांहींच नव्हतें. पुतळ्यापुढें ज्यांनीं टाळ्या वाजविल्या ते पैसे देऊन आलेले प्रेक्षक होते. मागाकडे पाहणार्‍यास आपल्या भाकरीचा हिशेब करणें प्राप्त होतें. तो माग फारसा चालला नाहीं, परंतु १८०४ च्या सुमारास जाकार नांवाच्या गृहस्थानें त्याच कल्पनेवरून भोंकांच्या पत्त्यांचा माग सिद्ध केला, आणि तो सर्वत्र पसरला.

१९६१ सालीं अमेरिकेंत न्यू जर्सी प्रांतांतील जनरल मोटर्सच्या कारखान्यांत ‘युनिमेट’ कामावर रुजू झाला. तो म्हणजे नुसता एक हात. सांच्यांतून निघालेले तप्त धातूचे भाग तो उचली. हें काम माणसास भाजणारें व धुरानें गुदमरविणारें होतें, म्हणून त्याची नेमणूक अन्यायाची म्हणतां येत नाहीं. त्याच्या हालचाली नोंदलेल्या होत्या त्याहि एका फिरत्या दंडगोलावरच. खुंट्यांच्या जागीं लोहचुंबकाच्या खुणा आल्या होत्या, इतकेंच. आज मोटारींचें सांधकाम व रंगकाम असलेच हात करितात.

व्होकांसाँचा बांसरीवाला व बदक दोन्ही नाहींशीं झालीं. त्याचा माग मात्र पॅरिसच्या कलाकौशल्य-संग्रहालयांत उभा आहे.