अर्धा तास आणि दोन दिवस : स्नायूंच्या थकव्याचा इतिहास

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकपासून सुरुवात करू. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव जपानच्या शोहाची इशीशी बराच वेळ झुंजले आणि हरले. त्यानंतर लगेच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव्हविरुद्ध बोलावले गेले, असे सांगतात. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता, पण तो बजावून सांगायला भारतीय अधिकारी तिथे हजर नव्हता. खाशाबांना कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

त्या अर्ध्या तासात शरीरात काय घडले असते? स्नायूतील फॉस्फोक्रिएटिन हा झटपट ऊर्जेचा साठा काही मिनिटांत बराचसा भरून निघतो. रक्तात साठलेले लॅक्टेट साधारण वीस मिनिटांत निम्मे होते. हलके चालत राहिले तर आणखी लवकर. म्हणजे नियम उगाच नव्हता. माझ्या मते त्या अर्ध्या तासाची किंमत पदकाच्या रंगाएवढी असू शकली असती.

लॅक्टेटची गोष्ट १९०७ पासून नीट सुरू होते. केंब्रिजमध्ये फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी बेडकाच्या स्नायूंवर प्रयोग केले. प्राणवायू नसताना थकलेल्या स्नायूत लॅक्टिक आम्ल साठते आणि प्राणवायू दिला की ते कमी होते, असे त्यांना दिसले. पुढे हिल आणि मायरहॉफ यांना स्नायूंवरील कामासाठी १९२२ चे नोबेल मिळाले आणि लॅक्टिक आम्ल हाच थकव्याचा गुन्हेगार, हे पाठ्यपुस्तकांत पक्के बसले. (आपण मराठीत ‘अंग आंबले’ म्हणतो, त्यामुळे आपल्याला तर ते लगेच पटते!) आज मात्र लॅक्टेटकडे हृदय आणि इतर स्नायू वापरतात असे इंधन म्हणून पाहिले जाते. थकव्याची कारणे अनेक आहेत. फॉस्फेटचे साठणे हे त्यातले एक.

आता दुसरा प्रश्न. आमच्या बेंगळुरूत दहा किलोमीटरची शर्यत झाली की दोन दिवसांनीसुद्धा कठडा धरून जिना उतरणारी मुले कॉलेजात दिसतात. तोवर लॅक्टेट कधीच नाहीसे झालेले असते! मग दुखते काय? थिओडोर हफ यांनी १९०२ मध्येच ही उशिरा येणारी दुखी थकव्यापासून वेगळी काढली आणि स्नायूच्या आत बारीक फाटाफूट होत असावी असे सुचवले. जवळजवळ ऐंशी वर्षांनी, १९८१ मध्ये, स्वीडनमधील संशोधकांनी जिना उतरायला लावलेल्या लोकांच्या स्नायूंचे नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. तंतूंची आतली रचना खरोखरच विस्कटलेली होती. जिना चढण्यापेक्षा उतरणे अधिक दुखवते, कारण तेव्हा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो.

उपाय साधे आहेत. पुरेशी झोप, डाळ-अंडी-दुधासारखे प्रथिनयुक्त जेवण, हलकी हालचाल. तालमीतल्या मालिशने दुखणे थोडे कमी होते. ‘लॅक्टिक आम्ल निघून जाते’ म्हणून नव्हे. नव्या पठ्ठ्याच्या बैठका हळूहळू वाढवण्याची तालमीची रीत तर शास्त्राला धरूनच आहे, कारण एकदा दुखलेला स्नायू त्याच व्यायामाने पुढच्या वेळी कमी दुखतो. मात्र पहिल्याच दिवशी शेकडो बैठका मारल्यावर लघवी काळ्या चहासारखी झाली किंवा मांड्या खूप सुजल्या, तर मालिश करत बसू नका. त्याच दिवशी रुग्णालयात जा. फुटलेल्या स्नायूंतील प्रथिन मूत्रपिंडे निकामी करू शकते.